पऱ्हाटीत सोडलेलं पाणी

आमच्या गावात कुणाच्याही बांधीच्या धुऱ्याला भोक पडलेलं दिसलं, की वाटेनं जाणारा माणूस थांबतो. चप्पल काढतो, पायानं चिखल ओढतो, भोक बुजवतो, टाचेनं दाबतो आणि आपल्या कामाला निघून जातो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. ती बांधी कुणाची, त्याच्याशी आपलं बोलणं आहे की भांडण, हे कुणी बघत नाही. नंतर त्याला सांगायलाही जात नाही. वाहून जाणारं पाणी डोळ्यांनी बघत राहणं इथल्या माणसाला जमतच नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा ही रीत मला फार आवडली होती. पुढे हिच्याचपायी मी अख्ख्या गावाशी भांडले.

मी वर्ध्याकडची, कापसाच्या घरची. माहेरी वावरात पाणी तुंबलं की घरात सगळ्यांची तोंडं उतरायची. इथे गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या ह्या बाजूला, बांधी कोरडी दिसली की तोंडं उतरतात. सासर तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातलं. गावाचा तलाव ह्यांच्याच पूर्वजांनी बांधला, असं घरात जेवताना, उठताना, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे गेल्यावरही ऐकायला मिळायचं. आधी मला कंटाळा यायचा. मग एकदा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून खालची सगळी हिरवी शेतं पाहिली आणि मनात म्हटलं, सांगू देत, एवढं केलंय तर मिरवायचा हक्क आहे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तलावाच्या पाणीवाटपाचे अध्यक्ष होते. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची जुनी दगडी मोरी, कधी उघडायची आणि पाळी कुणाची, हे तेच ठरवत. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. घरात मात्र मी होते.

वाटण्या झाल्या तेव्हा दोन्ही मोठ्या दिरांना तलावालगतच्या चांगल्या बांध्या मिळाल्या. माझा नवरा धाकटा, कोहमाऱ्याला गॅरेजात कामाला. त्याला शेतीत रस नाही हे जगजाहीर होतं, म्हणून आमच्या वाट्याला पाळीखालचं उताराचं वावर आलं. जमीन हलकी. पाणी यायचं आणि निघून जायचं. दरसाल तिथे धान लावायचे आणि दरसाल अर्धा पोचट निघायचा. तरी पुन्हा धानच. दुसरं काही लावता येतं, हे घरात कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

एका संध्याकाळी मामाजी जेवायला बसले असताना मी विषय काढला.

"मामाजी, त्या वावरात मी पऱ्हाटी लावू?"

"पऱ्हे?" त्यांना धानाची रोपंच ऐकू आली. "पऱ्हे तं टाकाच लागते."

"पऱ्हे नाई. पऱ्हाटी. कापूस."

त्यांचा घास हातातच राहिला. "कापूस? अन् पानी कुठं उभं राहीन?"

"उभं राहायलाच नको त्यात."

पोराला जेवायलाच घालायचं नाही असं मी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "एक साल. जमलं तं वावर तुयं, पऱ्हाटी तुयी. नाई जमलं तं मोठ्याले बटईनं देऊ, थो धान लावन. मंग कुरकुर नाई पायजे."

मी हो म्हटलं. ते वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला, दिरांकडे गेलं असतं तर मी आमच्याच जमिनीत रोवणीला, निंदणाला हजर राहणारी एक बाई झाले असते, त्यांनी बोलावलं की जायचं आणि सांगतील ते करायचं. लहानपणापासून बापाच्या बरोबरीनं मी पेरलं होतं, वेचलं होतं. कुणाच्या तरी मागे वाकून म्हातारं व्हायचं नव्हतं मला. त्यामुळे मामाजींना जे एक साल वाटलं, ते मला सगळं आयुष्य वाटत होतं.

बियाणं माहेरहून आणलं. सऱ्या पाडल्या, उताराकडच्या धुऱ्याला जागोजागी तोंडं फोडली, म्हणजे पावसाचं पाणी थांबणार नाही. बायका धुऱ्यावर उभ्या राहून बघायच्या. "काव कापूसवाली, साड्या इथंच विणशील का?" म्हणून खिदळायच्या. मीही सांगायचे, "तुमच्या मापाच्या नाई विणनार, सूत पुरनार नाई." असं आमचं चालायचं.

पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी वावरात पाणी. जाऊन पाहते तो मी फोडलेली सगळी तोंडं बुजलेली, वर टाचेचे ठसे. मी पुन्हा फोडली. पुन्हा बुजली. मला आधी दिरांचा संशय आला, मग शेजारच्या बांधीवाल्याचा. मी बोराच्या काट्या आणून त्या तोंडांत खुपसल्या. कुणीतरी काट्या अलगद काढल्या, तोंडं बुजवली आणि काट्या जशाच्या तशा वर रोवून ठेवल्या. पायाला लागू नये म्हणून असेल. मला रागही येत होता आणि हसूही येत होतं.

शेवटी एक दिवस बाभळीआड बसून पाळत ठेवली. पहिल्यांदा शाळेचे मास्तर आले, सायकल उभी करून एक तोंड बुजवून गेले. मग दूध घालायला निघालेली बाई. मग एक म्हातारा, त्याला नीट वाकताही येत नव्हतं, तरी थांबला. आणि त्यानंतर काठी टेकत मामाजी. पऱ्हाटी काय असते हे ज्यांना मी घरी बसून समजावलं होतं, तेच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पाय पुढे केला.

"मामाजी!"

ते दचकले. मग लहान तोंड करून म्हणाले, "काय करू व? मी नाई म्हनतो, पन पाय आपोआप जाते."

त्यानंतर मी घरोघरी जाऊन सांगितलं. माझ्या पिकाचा जीव मुळांशी असतो, मुळांना हवा लागते, पाणी साचलं की ते गुदमरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हळूहळू तोंडं उघडी राहायला लागली. पऱ्हाटी कमरेएवढी झाली, पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या, फुलं आली, खाली बोंडं धरली. मी वावरात उभी राहिले की मला माझ्या बापाच्या वावरात उभी असल्यासारखं वाटायचं. वाटेनं जाणारे आता थांबून पिवळी फुलं बघायचे आणि खिदळायचं विसरायचे.

भादव्यात पावसानं दडी मारली. पऱ्हाटीला त्याचं काही नव्हतं. धान मात्र निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आलेला, आणि त्याच वेळी पाणी हवं असतं. मामाजींनी तुडूम उघडायचं ठरवलं, दरसालच्याच क्रमानं पाळ्या लावल्या. मी महालक्ष्म्यांसाठी माहेरी गेले.

महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी दुपारी, आम्ही बायका पंगती उठवत असताना, फोन वाजला. गावच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्यासाठी फोटो आला होता. धुरे नव्या चिखलानं उंच केलेले, सगळी तोंडं गच्च बुजवलेली आणि काठोकाठ पाणी, त्यात माझी पऱ्हाटी. खाली लिहिलं होतं, 'वहिनी, तुमची पाळी वाया जाऊ दिली नाही.' पुढे हात जोडलेले आणि फुलं.

माझ्या भावानं फोन हातात घेतला. "ताई, हे वावर आहे का तळं?"

मी मामाजींना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, आणि मी ओरडत होते. "मामाजी, तोंडं फोडा! आत्ताच्या आत्ता जाऊन तोंडं फोडा!"

"कोनाची व?" तिकडून घाबरा आवाज आला. "कोनाचं तोंड फोडू? काय झालं?"

"धुऱ्याची!"

"दुर्गाची? कोन दुर्गा?"

मी फोन ठेवला. नवऱ्याला लावला तर तो गॅरेजात गाडीखाली; पहाटेच्या बसनं येते, एवढाच निरोप ठेवला. त्याच बसनं निघाले. वाटभर मी त्या फोटोकडे बघत होते. कोरड्या जमिनीत वाढलेल्या पऱ्हाटीला एकदम भरपूर पाणी मिळालं की ती उभ्याउभ्या मान टाकते, हे मी माहेरी पाहिलेलं होतं. अशी झाडं काही तासांत कोमेजतात आणि वेळेत पाणी काढलं नाही तर वाळूनच जातात. कोहमाऱ्याला उतरले तर नवरा मोटारसायकल घेऊन उभा, चेहरा हसरा. "पाह्यलं का फोटो? सगळे लागले होते कामाले. मीबी चिखल टाकला." मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तिथल्या ढाब्यावरचे सगळे ट्रकवाले गोळा झाले असते.

वावराशी पोचले तर धुऱ्यावर पंधरावीस माणसं, बाया. मी येणार म्हणून थांबलेली. पाण्यात पऱ्हाटीची पानं फडकी लोंबावी तशी लोंबत होती.

"हे कोनं केलं?" मी विचारलं.

हात वर झाले. जवळपास सगळ्यांचे. मास्तरांचा, दूधवालीचा, दोन्ही दिरांचा. चेहऱ्यांवर कौतुकाची वाट पाहणं होतं. आपापल्या बांध्यांचं काम टाकून, चिखलात दिवस घालवून त्यांनी माझी पाळी सांभाळली होती. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्या प्रेमाचं ओझंही तेवढंच वाटलं. मग जे तोंडाला येईल ते बोलले. "मेलं माझं पीक! मारलं तुम्ही! तुमच्या धानाले पानी म्हंजे दूध, माझ्या पऱ्हाटीले इख हाये इख. घरोघरी येऊन सांगितलं होतं ना? कोनत्या कानानं ऐकलं?"

दूधवाली पुटपुटली, "आमाले वाटलं, पावसाचं पानी नाई चालत तिले. तलावाचं चालत असन."

तलावाच्या पाण्यानं कुणाचं वाईट होऊ शकतं, हे ह्या माणसांना कसं कळणार होतं? त्यांनी आयुष्यात असं कधी पाहिलंच नव्हतं.

मामाजी पुढे आले. "आता काय करू सांग. ओरडू नको, सांग."

मी सांगितलं आणि मग ते गाव मी खऱ्या अर्थानं पाहिलं. पाणी अडवायला जे हात तरबेज, तेच पाणी काढायलाही. फावडी आली. तोंडं फुटली. पण पाणी न्यायचं कुठे, यावरून गलका झाला. मधल्या बांध्यांवाले म्हणू लागले, आमच्यात सोडा. त्यांच्या बांध्या पाळ्या होऊन तुडुंब होत्या, ते मला दिसत होतं. अगदी टोकाला, जिथे पाट संपतो, तिथल्या बांध्या मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. पाळी तिथवर पोचेपर्यंत पाणी संपायचं, दरसालचंच होतं. त्या टोकाकडची एक म्हातारी, आम्ही सगळे तिला मोठीमाय म्हणतो, बाजूला बसली होती. हात वर न केलेली ती एकटीच होती.

"शेवटच्या बांधीत जाईन पानी," मी म्हटलं.

"इतक्या दूर?" सगळ्यात मोठे दीर म्हणाले. "वाटेत जिरन."

"जिरू द्या. पाळी माझी हाये ना? मंग माझं पानी मी सांगन तिकडं जाईन."

मामाजींनी नुसती मान हलवली, आणि झालं. पाट मोकळा करत करत माणसं खाली गेली. पाणी गडगडत निघालं. इकडे मी बायकांना शिकवलं. कोमेजलेलं झाड दोन्ही पायांच्या मध्ये घ्यायचं आणि बुंध्याची माती पायांनी घट्ट दाबायची. रोवणीत चिखल तुडवून तुडवून पक्के झालेले पाय ते. एकदा दाखवलं आणि ओळच्या ओळ सुरू झाली. मला चिडवणाऱ्या त्याच बाया, पऱ्हाटीच्या एकेका झाडाशी उभ्या राहून, "ऊठ माय, ऊठ," म्हणत होत्या. दिवस मावळायच्या आत पाणी निघालं. टोकाच्या बांध्यांपर्यंत ते पोचलं होतं. मोठीमाय आपल्या बांधीत घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, आणि तिला बाहेर ये म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही.

पऱ्हाटी निम्मी वाचली. निम्मी वाळली. उरलेल्या झाडांना बोंडं फुटली तेव्हा पहिल्या वेच्याला बोलावलं नसताना सगळ्या बाया आल्या. माहेरच्या रीतीनं वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवून मग मी बोंडाला हात लावला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कापूस वेचला, बोटांना बोंडाची नखं टोचली की शिव्या दिल्या आणि भरपूर कचरा वेचला. मी तो निवडत बसले. कापूस थोडा होता, पण पांढराशुभ्र होता. गावात तो मी पिकवला होता, हे मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले होते. नवऱ्यानं तो कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या गाडीत चढवून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला पाठवला.

एक साल संपलं होतं. जमलं म्हणायचं की नाही जमलं, हे मामाजींनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. निम्मं पीक गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मोठे दीर येताजाता त्या वावराच्या धुऱ्यावर थांबून मापं काढत होते.

उन्हाळ्यात पाळीवर चिंचेखाली तलावाची बैठक भरली. मामाजी उभे राहून म्हणाले, "माये गुडघे गेले. आता तुडमापर्यंत चालनं होत नाई. दुसरं कोनी पाहा."

सगळ्यांनी मोठ्या दिरांकडे पाहिलं. तेही दुपट्टा सारखा करून बसले होते. माणूस वाईट नाही, कामाला वाघ आहे. त्यांच्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या मनात नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी मागे बायकांत बसून, बैठक संपल्यावर वावराचं काय निघतं, ह्याच विचारात होते.

मोठीमाय उठली. तिला बैठकीत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मी बोलू का? मोठा पोरगा चांगला हाये. पन त्याच्या बांध्या तुडमापाशी. पानी सुटलं का आधी त्याच्या बांधीले तहान लागते. त्याचा दोष नाई, मायी बांधी तिथं असती तं मलेबी लागली असती. आमी टोकाचे लोक जल्मभर हेच पाहून राहिलो." तिनं माझ्याकडे बोट केलं. "या गावात पान्याची तहान नसलेलं एकच वावर हाये. जिले पानी पायजेच नाई, तिच्या हाती पानी द्या."

आधी हशा झाला. मग तो थांबला, कारण लोक विचार करायला लागले. मला ते चिंचेखाली बसल्याबसल्या दिसत होतं.

"तिले धानातलं काय समजते?" कुणीतरी म्हणालं.

"समजत नसन थे आपन सांगू," मास्तर म्हणाले. "मागच्या सालात शेवटपर्यंत पानी कोनं नेलं?"

माझ्या नावाला टोकाकडच्या माणसांनी हात वर केले. मग मधल्यांपैकी काहींनी. मोठ्या दिरांनी वर झालेले हात मोजले. मग ते मामाजींकडे वळून म्हणाले, "बाबा, होऊ द्या तिले अध्यक्ष, मायी ना नाई. पन वावराचं तं ठरलं हाये. एक साल झालं, निम्मी पऱ्हाटी मेली. या मिरगाले तिथं मी धान लावतो."

त्यांचं खोटं नव्हतं. मामाजी काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले.

"त्या वावरात धान लागला," ते सावकाश म्हणाले, "तं हिलेबी तहान लागन. मंग ही आपल्या काय कामाची?" त्यांनी मान वर करून दिरांकडे पाहिलं. "जोवर तुडूम हिच्या हाती, तोवर त्या वावरात पऱ्हाटीच राहीन. दुसरं काई लावाचं नाई. हिनं म्हटलं तरी नाई."

मी सगळ्यांसमोर रडले. पदर तोंडाला लावायचंही सुचलं नाही. बायका पाठीवर हात फिरवत होत्या, त्यांना वाटलं अध्यक्ष झाल्याचा आनंद आहे. तोही होता, खोटं का बोलू? पण कापूस लावायचा म्हणून मी ज्या माणसाकडे एका सालाची परवानगी मागितली होती, त्याच माणसानं आता गावाच्या वतीनं मला कापूस सोडायची मनाई केली होती.